दोन बोअरांच्या मधला खडक

[दृश्य: कोअरच्या पेट्या उघडल्या जातात. गाभ्यावर पाण्याचा फवारा.]

हा गाभा, म्हणजे कोअर: बोअर खोदताना जमिनीतून बाहेर काढलेला दगडाचा गोल दांडा. कोरडा असताना हा दगड नुसता करडा दिसतो. पाणी पडलं, की एकेक थर वेगळा होतो. ही हिरवट शीर. हा भरडलेला पट्टा. आणि इथे, बोटाखाली, एक खडक संपतो आणि दुसरा सुरू होतो. जमिनीखालच्या त्रिमितीय नकाशाची सुरुवात या हद्दीपासून होते.

भूवैज्ञानिक आधी टेप लावून खोली तपासतात. मग गाभ्याच्या अक्षाशी थर किती कोनात आहे ते मोजतात. गाभा तुटलेला असेल, तर तुकडे जुळवून बघतात. जुळत नसेल, तर मधला किती हरवला याची नोंद होते. बोअर जमिनीत सरळ जाईलच याची खात्री नसते. खोल जाता जाता ते वळतं, म्हणून ठरावीक टप्प्यांवर त्याची दिशा आणि कल पुन्हा मोजावे लागतात. हे काम संथ आहे, कंटाळवाणं आहे, आणि पुढच्या सगळ्या रंगीत चित्रांचा भार त्याच्यावर आहे. इथे हद्द दोन मीटर चुकली, तर कुठलंही सॉफ्टवेअर ती चूक तितक्याच देखणेपणाने पुढे नेतं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. बोअरांच्या रंगीत रेघा, मधे काळी जागा.]

आता ही काळी जागा बघा. खाणींच्या शोधकामात सर्रास घेतला जाणारा गाभा जेमतेम ४८ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि शेजारचं बोअर कित्येकदा शंभर मीटरवर. मधलं सगळं अनुमान. असे नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची तुलना करायची असेल, तर पहिला प्रश्न हाच हवा: ही जागा ते कशाच्या आधारावर भरतं? विक्रीच्या तक्त्यांत फाइलींचे प्रकार असतात, लायसन्स असतं, वेग असतो. हा रकाना सहसा नसतो.

[दृश्य: समोच्चरेषांचा नकाशा. पद्धत बदलते तसा नकाशा बदलतो.]

हे 'सर्फर'. पृष्ठभागांचे नकाशे काढण्यासाठी अनेक वर्षं वापरात असलेलं. बिंदू तेच ठेवून फक्त पद्धत बदलली. जवळच्या बिंदूला जास्त वजन देणारी पद्धत निवडली, तर प्रत्येक बोअरभोवती गोल कडी उमटतात. किमान वक्रतेची पद्धत घेतली, तर नकाशा नितळ होतो, पण जिथे एकही बोअर नाही तिथे टेकडी उभी राहू शकते. आणि हे क्रिगिंग: अंतर वाढतं तसं बिंदूंमधलं साम्य किती कमी होतं, त्यावरून मधल्या जागेचा अंदाज बांधणारी पद्धत.

क्रिगिंगमागे दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमधल्या सोन्याच्या खाणी आहेत. खाण अभियंता डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं, की मोजक्या नमुन्यांवरून खडकाच्या मोठ्या ठोकळ्याची प्रत, म्हणजे त्यात सोनं किती, हे ठरवलं, तर श्रीमंत ठोकळे खऱ्यापेक्षा श्रीमंत भासतात. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी त्या विचाराला पक्का गणिती पाया दिला आणि पद्धतीला क्रिगे यांचं नाव. तिची मोठी देणगी अशी, की अंदाजाबरोबर त्या अंदाजाची अनिश्चितताही मिळते. तो दुसरा नकाशा सर्फरमध्येही काढता येतो. अहवालात मात्र बहुतेकदा पहिलाच छापला जातो, आणि हे मनाला लागतं.

सर्फर नकाशा चौकोनांच्या जाळीवर बनवतं, आणि अशा एका जाळीत एका जागी एकच उंची बसते. उलथलेली वळी (थरांची घडी), किंवा उलट्या प्रस्तरभंगामुळे, म्हणजे खडक तुटून एक बाजू दुसरीवर सरकल्यामुळे, एकाच बोअरमध्ये दोनदा आलेला थर, अशा जाळीत मावत नाही.

[दृश्य: भूछेदावर माउसने रेघ ओढली जाते. एकामागून एक छेद जोडले जातात.]

सर्पॅक, डेटामाइन, व्हल्कन या खाणकामातल्या जुन्या नावांची मूळ रीत ही. जमिनीचा उभा काप, म्हणजे छेद, एकामागून एक हाताने रेखायचा, मग रेघा जोडून तारांचा सांगाडा उभा करायचा. वेळखाऊ रीत आहे, पण प्रत्येक रेघेमागे कुणीतरी विचार केलेला असतो. नवं बोअर आलं, की शेजारचे छेद पुन्हा काढा.

[दृश्य: काही सेकंदांत पृष्ठभाग फुलत जातो.]

न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या लीपफ्रॉग या सॉफ्टवेअरने हा सांगाडाच बाजूला ठेवला. सगळ्या बोअरांतल्या हद्दींवरून एक गणिती फलन बसवायचं. त्याचं मूल्य जिथे शून्य, तिथे खडकाची सीमा. नवं बोअर टाकलं, की पृष्ठभाग आपोआप नव्याने बनतो. आता ही सोय जुन्या सॉफ्टवेअरमध्येही आली आहे. पण या कोपऱ्यात बघा, जिथे बोअर नाहीत. पृष्ठभाग फुग्यासारखा फुगला आहे. त्याला आवर घालायला थरांची दिशा द्यावी लागते, आणि ती कळते भूवैज्ञानिकालाच.

तेलक्षेत्रात पेट्रेल हे सॉफ्टवेअर जास्त दिसतं, कारण तिथे बोअर थोडी आणि भूकंपलहरींची, म्हणजे मुद्दाम धक्के देऊन जमिनीत सोडलेल्या लहरींच्या परतीची, माहिती भरपूर.

[दृश्य: कोडच्या ओळी. शेजारी एकच छेद शेकडो रूपांत झरझर बदलतो.]

आणि हे जेमपाय, कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात घडलेलं, सर्वांना खुलं. हद्दीचे बिंदू द्या, थरांचा कल द्या, आणि कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा हा क्रम द्या. तो क्रम एका ओळीत लिहिलेला असतो. पटला नाही, तर कुणीही बदलून मॉडेल पुन्हा चालवू शकतं. याच बिंदूंना मोजमापातल्या चुकीइतकं हलवत शेकडो मॉडेलं बनवली आहेत. जिथे सगळी एकमेकांशी जुळली, तिथे रंग गडद. जिथे पांगली, तिथे फिका. त्याची मांडणी लीपफ्रॉगइतकी सोपी नाही, कोड लिहावा लागतो, मोठ्या खाणीचा रोजचा गाडा त्यावर चालवणं कठीण. तरीही फिका भाग डोळ्यांसमोर ठेवणारं चित्र आम्हाला जास्त विश्वासाचं वाटतं.

यात माणूसही मोजायला हवा. २००७ मध्ये भूवैज्ञानिक क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच ठरवलेल्या रचनेवरून त्यांनी भूकंपलहरींचा एक कृत्रिम छेद तयार करून घेतला होता. त्याचे एकूण ४१२ अर्थ लोकांनी लावले. मूळ रचनेचा प्रकार बरोबर ओळखणारे फक्त २१ टक्के.

[दृश्य: यादीतलं एक बोअर पुसलं जातं. मॉडेल पुन्हा बनतं.]

म्हणून तुलना अशी करा. हातातल्या बोअरांपैकी काही बाजूला ठेवा. उरलेल्यांवर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बनवा. मग लपवलेलं बोअर उघडा आणि हद्द सांगितलेल्या खोलीपासून किती मीटर दूर निघाली ते लिहून ठेवा. दूर निघणारच, ते अंतर मॉडेलने आधी कबूल केलेल्या अनिश्चिततेच्या आत आहे का, तेही बघा. हे बोअर पुसलं होतं. अंदाज वरच्या निळ्या रेषेवर, खरी हद्द खालच्या लाल रेषेवर.

बोगद्याची वाट, विहिरीची जागा, खाणीचा उतार, सगळं या दोन रेषांमधल्या अंतरावर ठरतं.