समोरच्याला काय विचारावे?

नमस्कार, श्रोतेहो. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे हे आपण सगळेच मान्य करतो आणि तरीही वाद रंगला की समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपले उत्तर तयार असते. याला आपण हट्टीपणा म्हणतो. मला मात्र त्यात स्वभावापेक्षा विचार करण्याच्या सवयीचा भाग मोठा दिसतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. विद्यार्थ्यांनी आपल्या मनाने तीन-तीन आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही, एवढेच त्यांना कळायचे. आकडे दोन-दोनने वाढत असावेत अशी अटकळ बांधून पुष्कळांनी ८, १०, १२ यांसारखे आकडे सुचवले, दर वेळी होकार मिळाला आणि खात्री पक्की होत गेली. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. कोणी १, २, ३ विचारले असते तर ती अटकळ तिथेच कोसळली असती. पण जे बसणार नाही असे वाटते, तेच विचारून पाहावे, हे सहसा सुचत नाही.

आपल्या बोलण्यातही हेच घडते. "म्हणजे तुम्हाला बदल नकोच आहे ना?" हे वाक्य ऐकायला प्रश्न वाटते, पण त्यात आपली अटकळच आपण पुन्हा वदवून घेत असतो. त्याऐवजी "तुमचे हे मत कशामुळे झाले?" असे विचारले, तर अनपेक्षित उत्तराला जागा राहते. (दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो, ते असो.) मत कदाचित तेच राहील, पण त्यामागची धास्ती किंवा कधीतरी सोसलेले नुकसान कळते आणि आपण भलत्याच मुद्द्यावर भांडत होतो, हेही कधीकधी उमगते. अर्थात, समजून घेतले म्हणजे मान्य केले असे नव्हे. पुरावा मागण्याचा आपला हक्क त्यानंतरही शाबूत असतो.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, आपल्या निष्कर्षांविरुद्ध जाणारी गोष्ट आढळली की ते ती तत्काळ टिपून ठेवत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरतात, असा त्यांचा अनुभव होता. १८५९ मध्ये त्यांचा उत्क्रांतीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या सिद्धान्तातील अडचणींना त्यांनी त्यात स्वतंत्र प्रकरण दिले होते. आणि पुढे लोकांनी घेतलेल्या आक्षेपांपैकी फारच थोडे त्यांना नवे होते.