तबल्यावर कोण?

मंडळी, नमस्कार. जॅझवर बोला असा निरोप आला, तेव्हा मी आधी विचारलं, श्रोते कोण असतील? उत्तर मिळालं, बहुतेक शास्त्रीय संगीत ऐकणारे. मला बरं वाटलं. नवे जॅझ वादक, त्यातही मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून आपलं आपण वाजवणारे, शोधायचे कसे, या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्या सवयीतच आहे. कालच्या मैफलीबद्दल कुणी सांगायला लागलं की आपण काय विचारतो? कोण गायलं, काय गायलं, आणि लगेच, तबल्यावर कोण होतं? पेटीला कोण? साथीदारांची नावं कळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. जॅझमध्ये याच प्रश्नाचं बोट धरून चालायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकी सगळी उदाहरणं.

माझं तसंच झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका गृहस्थांच्या ढिगात 'इंडो-जॅझ सूट' हाती लागली. १९६६ची रेकॉर्ड. जमैकात जन्मलेला आणि लंडनमध्ये नाव काढलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट, आणि मूळ कलकत्त्याचा व्हायोलिनवादक-रचनाकार जॉन मेयर. दोघांनी पाच जॅझवाले आणि पाच भारतीय बाजूचे असे दहा जण एकत्र बसवले होते. मी कव्हर उलटं केलं आणि नावं वाचत गेलो. सतार, दिवाण मोतिहार. तानपुरा, चंद्रहास पैगणकर. तबला, केशव साठे. तिथेच थबकलो. साठचं दशक, लंडनचा स्टुडिओ, आणि तबल्यावर मुंबईचे साठे!

घरी आणून रेकॉर्ड लावली. त्यात सगळं जमलंय असं मला आजही वाटत नाही. एका पंगतीत दोन घरचे पाहुणे बसलेत आणि दोघांना वाढप वेगळं चाललंय, असं काही ठिकाणी होतं. पण हॅरियटचा सॅक्सोफोन सुटतो तेव्हा खाली साठ्यांचा ठेका इतका शांत, इतका ठाम चाललेला असतो की कान तिकडेच जातो. मग मी साठ्यांच्या मागे लागलो. हा माणूस आणखी कुठे कुठे वाजवून गेला?

त्यातून दुसरी रेकॉर्ड मिळाली, 'जॅझ मीट्स इंडिया'. जर्मनीत १९६७ साली केलेली. पुन्हा मोतिहारांची सतार, पुन्हा साठ्यांचा तबला. या वेळी समोर पियानोवर आयरीन श्वाइत्झर ही स्वित्झर्लंडची तरुण बाई. पियानोवर ती अक्षरशः घाव घालत होती, आणि मधेच एखादी जागा अशी हळुवार सोडून द्यायची की श्वास अडकावा. साठ्यांनी मला तिच्यापर्यंत पोचवलं आणि तिने पुढच्या सगळ्या रस्त्यावर. या बाई पुढे ड्रमवादकांबरोबर नुसत्या दोघांच्या बैठका करत राहिल्या. लुई मोहोलो, अँड्र्यू सिरिल, पिएर फाव्र, हान बेनिंक. एक पियानो, एक ड्रम, बस्स. तबल्याच्या जोडीने सतार ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता असं संगीत कोण बाजारात आणणार? कुणी आणत नव्हतं. म्हणून १९८६ साली झुरिकमध्ये पॅट्रिक लँडोल्ट यांनी इंटाक्ट नावाची छोटी संस्था उभी केली. तिचा पहिला अल्बम श्वाइत्झर यांचाच होता. एका वादकासाठी उघडलेल्या दारातून आजवर चारशेच्या वर अल्बम बाहेर पडले. श्वाइत्झर जुलै २०२४मध्ये गेल्या. इंटाक्ट चालू आहे.

हे काही नवलाचं नाही, जॅझमध्ये ही रीत जुनी आहे. १९५२ साली बेसवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनी डेब्यू नावाची स्वतःची कंपनी काढली. आपल्या वाजवण्याचा मालक दुसराच कुणीतरी का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी टोरंटोच्या मॅसी हॉलमधली चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि बड पॉवेल यांची ती प्रसिद्ध मैफल बाहेर आली ती डेब्यूकडूनच. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी होता, म्हणून कव्हरवर त्याचं नाव 'चार्ली चॅन' असं छापलं. शिकागोत पियानोवादक सन रा आणि त्याचे सहकारी आपल्या रेकॉर्डची कव्हरं हाताने रंगवायचे आणि मैफलीच्या दारात विकायचे. २००४ साली मारिया श्नायडर यांनी आपल्या वाद्यवृंदाचा अल्बम श्रोत्यांकडून आधी पैसे जमवून केला आणि फक्त इंटरनेटवरून विकला. त्याला ग्रॅमी मिळालं. दुकानात न ठेवलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळण्याची ती पहिली वेळ.

तर, इंटाक्टच्या यादीत मला २०२०चा एक अल्बम दिसला, जेम्स ब्रँडन लुईस या टेनर सॅक्सोफोनवादकाच्या चौकडीचा. लुईस बफेलोचा. चर्चमधल्या गाण्याचा संस्कार त्याच्या सुरात पुरता मुरलेला आहे, सूर रुंद आणि भरलेला. आता आपला प्रश्न. ड्रमवर कोण? चॅड टेलर. हे नाव लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी, २०२१ला, लुईसचा 'जेसप वॅगन' आला. काढणारी संस्था टाओ फॉर्म्स, तीही व्हिट डिकी या ड्रमवादकाने सुरू केलेली. या अल्बमवर मी जरा थांबणार आहे, कारण तो आपल्या घरातला आहे. जेसप वॅगन म्हणजे काय ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर! वीणा गवाणकरांमुळे कार्व्हर मराठी घराघरांत पोचला, आपण शाळेत असताना त्याच्यासाठी रडलो. त्याने १९०६ साली टस्कगीहून घोडागाडीत शेतीची अवजारं, बियाणं आणि प्रयोगाचं सामान भरून गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या बांधावर पाठवली, ती ही गाडी. लुईसने त्या गाडीवर अख्खा अल्बम रचला. त्यातल्या एका रचनेचं नाव 'अराकिस'. वनस्पतिशास्त्राची पुस्तकं वाचलेल्यांना माहीत असेल, अराकिस म्हणजे भुईमूग.

मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि घरात सगळे झोपले होते. वाद्यांची निवड बघा. टेनर सॅक्सोफोन, त्याच्या जोडीला कर्क नफकीचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा जरा मऊ आवाजाचा भाऊ. ख्रिस हॉफमनचा चेलो. बेसवर विल्यम पार्कर, आणि तो मधेच बेस ठेवून गिंब्री हे मोरोक्कोकडचं कातड्याने मढवलेलं तंतुवाद्य घेतो. आणि चॅड टेलर ड्रमच्या काठ्या खाली ठेवून एम्बिरा वाजवतो, लाकडाच्या फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायचं आफ्रिकन वाद्य. माती, कातडं, लाकूड, लोखंड. शेतकऱ्याची गाडी खडबडत चालल्यासारखं वाटतं. त्या रात्री मी सगळा अल्बम दोनदा ऐकला.

इथून पुढे चॅड टेलरचं बोट धरलं की शिकागो. २०१७ साली इंटरनॅशनल अँथम या तिथल्या छोट्या कंपनीकडून ट्रम्पेटवादक जेमी ब्रांच हिचा 'फ्लाय ऑर डाय' आला, ड्रमवर टेलर. ब्रांच २०२२ साली गेली, अवघी ३९ वर्षांची. तिचं ट्रम्पेट ऐकताना आजही वाटतं की समोरच्या रस्त्यावरून कुणी हाक मारतंय. त्याच अल्बमात चेलोवर टोमीका रीड. तिच्या स्वतःच्या चौकडीत गिटारवर मेरी हॅल्व्हरसन. हॅल्व्हरसनच्या पुढच्या संचात व्हायब्राफोनवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांवर, मेक्सिकोच्या व्हेराक्रूझची पॅट्रिशिया ब्रेनन. ब्रेननचा २०२४चा 'ब्रेकिंग स्ट्रेच' काढलाय पियानोवादक क्रिस डेव्हिस हिच्या पायरोक्लास्टिक या संस्थेने. केशव साठ्यांपासून इथपर्यंत आपण एकाही जाहिरातीला विचारलं नाही. फक्त साथीला कोण, एवढं विचारत आलो.

इंटरनॅशनल अँथमचाच माकाया मॅकक्रेव्हन हा ड्रमवादक घ्या. त्याने शिकागोत एकाच ठिकाणी वर्षभर २८ मैफली केल्या, सगळ्या मुद्रित केल्या, ४८ तासांचा ऐवज जमला. मग घरी बसून तुकडे काढले, जोडले आणि त्यातून २०१५चा 'इन द मोमेंट' केला. एखाद्याने वर्षभराच्या भजनाच्या बैठकींतून एक ओवी गुंफावी, तसं.

आपल्या कानाला आणखी जवळचं दार हवं असेल तर डॅन वाइस. न्यूयॉर्कचा हा ड्रमवादक समीर चॅटर्जींकडे तबला शिकला, आणि २००५ साली त्याने 'तीनताल ड्रमसेट सोलो' केला. नावात आहे तेच आहे. तीनतालाचं एकल वादन, पेशकारापासून, ते सगळं पाश्चात्त्य ड्रमवर. लेहरा धरलाय माइल्स ओकाझाकीने, गिटारवर. इथे बसलेल्यांपैकी जे तबला शिकलेत त्यांनी हातावर मात्रा मोजत ऐकावा. डाव्याचा घुमारा पायाच्या ड्रमवर कसा उतरवलाय ते बघण्यासारखं आहे. समेवर येताना तुमची मान आपोआप हलेल. हाच ओकाझाकी २०१८ साली एकटा गिटार घेऊन बसला आणि जॅझ पियानोवादक-रचनाकार थेलोनियस मंकच्या ७० रचना वाजवून 'वर्क' नावाने स्वतःच इंटरनेटवर ठेवून मोकळा झाला. मधे कुणी नाही.

आता एक खंत. साथीचं नाव विचारायचं म्हटलं तर ते छापलेलं हवं ना? मी फोनवर जी सेवा वापरत होतो, तिच्यात अल्बमचं चित्र यायचं, मुख्य कलाकाराचं नाव यायचं, पुढे काही नाही. ड्रमवर कोण, ते सापडेना. आणि नाव न छापण्याने काय होतं ते आपल्याइतकं कुणाला कळावं? गोव्यातल्या आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. मुंबईच्या हॉटेलांत रात्री ट्रम्पेट, दिवसा फिल्मी स्टुडिओ. सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी किती काम केलं! 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात म्हणून निदान चेहरा तरी राहिला. त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक त्या गाण्यांत आहेत. ती गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि वाजवणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर कुठेही नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून मी नावं वाचतो, आणि मोठ्याने वाचतो.

त्यासाठी मी बँडकॅम्पवर जातो. २००८ साली सुरू झालेलं हे इंटरनेटवरचं गाण्यांचं दुकान. तिथे वादक स्वतः आपलं पान मांडतो, आणि बहुतेक जण खाली सगळ्यांची नावं, ध्वनिमुद्रण कुठे झालं, कव्हरचं चित्र कुणाचं, सगळं लिहितात. विकत घ्यायच्या आधी बहुतेक वेळा पूर्ण ऐकता येतं. गाण्याच्या विक्रीतले १५ टक्के दुकानाचे, ठरावीक विक्रीनंतर १०, शिवाय पैसे वळते करण्याचा थोडा खर्च. उरलेले वादकाचे किंवा त्याच्या संस्थेचे. २०२०च्या मार्चमध्ये मैफली बंद पडल्या तेव्हापासून ते अधूनमधून एखाद्या शुक्रवारी आपला वाटाही सोडतात. मी खरेदी त्याच दिवशी करतो. याउलट स्पॉटिफायवर २०२४पासून असा नियम आहे की वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. छोट्या वादकाची बारा मिनिटांची रचना १,००० वेळा कोण ऐकणार? तुम्ही अल्बम विकत घेतलात तर तुमच्या एका पुरणपोळीच्या जेवणाएवढ्या पैशांत त्याच्या पुढच्या ध्वनिमुद्रणाला थोडा हात लागतो.

तिथे आणखी एक सोय आहे. आवडलेल्या अल्बमखाली तो घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारा, त्याने आणखी काय काय घेतलंय ते उघडतं. जाणत्या माणसाच्या घरी गेल्यावर आपण त्याच्या कपाटाकडे बघतो ना, तसं. मी असंच एका अनोळखी माणसाच्या कपाटातून अर्धा डझन वादक उचलले आहेत.

सगळंच चांगलं मिळेल असं नाही. वादक स्वतःच निर्माता असला की कात्री चालवायला कुणी नसतं. ऐंशी मिनिटांचे अल्बम भेटतील ज्यात चाळीसच खरी आहेत. मला नावडलेले मी बाजूला ठेवतो, पण साथीदारांची नावं टिपून घेतो. मुख्य कलाकार पटला नाही, पण बेसवाला आवडला, आणि वर्षभराने त्याच बेसवाल्याचा स्वतःचा अल्बम आला तो डोक्यावर घ्यावा असा, हे माझ्या बाबतीत अनेकदा घडलंय.

वेळ झाली. प्रश्न नंतर घेऊ, आधी 'अराकिस' ऐकू. टेनर सॅक्सोफोन जेम्स ब्रँडन लुईस, कॉर्नेट कर्क नफकी, चेलो ख्रिस हॉफमन, बेस विल्यम पार्कर. ड्रमवर चॅड टेलर.