पेटीतला कापडी बिल्ला

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेत जवळपास २५ लाख माणसं होती, आणि आपली मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं आफ्रिका, इटली, ब्रह्मदेशाची आघाडी, कुठे कुठे म्हणून गेली. जे परत आले ते पत्र्याच्या पेटीत थोडंफार काहीतरी घेऊन आले. आता घरोघरी होतं काय, की मेडल फ्रेममध्ये जातं आणि बाकीचं सामान अडगळीत, नाहीतर पोरांच्या खेळात. आणि खरी गंमत त्या बाकीच्या सामानातच असते हो.

आधी मेडलचं बघू. या युद्धातल्या मोहिमांसाठी दिलेलं मेडल म्हणजे ‘स्टार’, सहा टोकांचा तारा, मधोमध राजा सहाव्या जॉर्जची अक्षरं, हे सगळ्या मोहिमांना सारखंच. वेगळं काय, तर गोलावर लिहिलेलं नाव आणि फीत. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, वाळवंटासाठी, मधे लाल पट्टा लष्कराचा, आणि दोन बाजूंना नेव्ही आणि एअर फोर्सच्या निळ्या रेघा. इटली स्टारवर इटलीच्या झेंड्याचे रंग. बर्मा स्टारवर नारिंगी रेघा दिसतात, त्या सूर्याच्या. आफ्रिकेच्या फितीवर इंग्रजी आठचा चिमुकला आकडा असेल ना, तर तो नीट जपा, कारण तो ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीचा आहे, आणि तो माणूस २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात त्या आर्मीत होता असं समजायचं, म्हणजे इजिप्तमधल्या एल अलामेनपासून ट्युनिशियापर्यंतची लढाई. एवढ्याशा आकड्यात एवढं सगळं!

पण तारा हजारो जणांना मिळाला. तुमचा माणूस नक्की कुठल्या डिव्हिजनबरोबर, म्हणजे फौजेच्या कुठल्या मोठ्या तुकडीबरोबर होता ते सांगतो तो बाहीवरचा कापडी बिल्ला. लाल गरुड असेल तर चौथी इंडियन डिव्हिजन. काळ्या कापडावर लाल गोळा, ती पाचवी. काळं मांजर म्हणजे सतरावी, जी ब्रह्मदेशात लढली. कडेचे दोरे निघालेत, रंग उडालाय, म्हणून हाच बिल्ला सगळ्यात आधी फेकला जातो, जीव तुटतो बघून.

मग नोटा. ब्रह्मदेशातून आलेल्या माणसाकडे रुपयांच्या अशा नोटा सापडतात ज्यांच्यावर जपानी सरकार असं चक्क इंग्रजीत छापलंय, कोपऱ्यात बी अक्षर, बर्माचा बी. १९४२ मध्ये जपान्यांनी व्यापलेल्या मुलखात त्या चालवल्या, आणि १९४५ ला इंग्रज परत आले तेव्हा त्यांची किंमत शून्य झाली, म्हणूनच तर सैनिकांनी आठवण म्हणून खिशात टाकल्या. इटलीहून आलेली लिराची, म्हणजे तिथल्या चलनाची नोट उलटी करून बघा, १९४३ ची मालिका, मित्रराष्ट्रांच्या फौजेनं काढलेली, मागे चार स्वातंत्र्यं छापलीत: बोलण्याचं, धर्माचं, अभावापासून आणि भीतीपासून. ही नोट खिशात घेऊन फिरणारा शिपाई स्वतः गुलाम देशातला होता. त्याच इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे तर त्या लढाईत गेलेच.

एक कळकळीची विनंती. मेडल चिंच किंवा पावडर लावून घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलवर सैनिकाचं नाव आणि नंबर कडेवर ठोकलेला असतो, पिढ्यानपिढ्या घासून तो पुसट होतो आणि मग ते मेडल कुणाचं हे कोण सांगणार? आणि पेटीतल्या वस्तू भावाभावांत वाटून घ्यायच्याच असतील तर आधी सगळ्या एकत्र मांडून फोटो काढा, मेडलची मागची बाजू पण घ्या, आणि डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरचा नंबर, पलटणीचं नाव उतरवून त्या फोटोबरोबर ठेवा. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर या आठवड्यातच विचारा की हा बिल्ला कुठला, ही नोट कुठून आली, आणि ते बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.