पोलिसांच्या नकाराची पोच

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यातील द्राक्ष बागायतदारांपुढे बोलायचे असल्याने मी आजचा विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. परगावचा व्यापारी बाग बघतो, दर ठरवतो, पहिल्या एक-दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, उरलेल्या मालापोटी धनादेश देतो आणि हंगाम संपायच्या आत फोन बंद करून नाहीसा होतो. शेतकरी पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा ‘हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा’ एवढे उत्तर घेऊन परततो. त्या उत्तरानंतर काय करता येते, ते मी सांगणार आहे.

मागे एका हंगामात माझ्याकडे असेच एक बागायतदार आले. त्यांच्या पिशवीत वजनकाट्याच्या चिठ्ठ्या होत्या, गाडीचा नंबर लिहिलेले वहीचे पान होते, न वटलेला धनादेश होता. ठाण्यात ते सात वेळा जाऊन आले होते; पण तसे दाखवणारा एकही कागद त्या पिशवीत नव्हता. पहिल्याच दिवशी लेखी फिर्याद देऊन स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली असती, तर त्यांचे तीन महिने वाचले असते, कारण या कायद्यात पुढची पायरी मागच्या पायरीच्या कागदाशिवाय चढता येत नाही.

पुष्कळदा ठाण्यात अर्ज घेतला जातो आणि तो ‘चौकशीवर’ राहतो. अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असा समज करून घेऊ नका. गुन्हा दाखल झाला की त्याला क्रमांक पडतो आणि प्रथम खबर अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ठरवून दिले की, दखलपात्र गुन्हा, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलीस ज्याचा तपास करू शकतात असा गुन्हा, दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे. व्यापारी व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्या निकालात आहे. परंतु ती करून तक्रार बंद केली, तर त्या नोंदीची प्रत थोडक्यात कारणांसह आठवड्याच्या आत तक्रारदाराला दिली पाहिजे, असेही तिथेच म्हटले आहे. ही प्रत मागून घ्या. तोंडी नकार न्यायाधीशांपुढे ठेवता येत नाही, लेखी नकार ठेवता येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, ठाण्याने नोंद नाकारली तर फिर्यादीचा मजकूर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायचा असतो. तो स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपावी. तिथेही काही झाले नाही, तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि पोलिसांचे म्हणणे ऐकून ते कलम १७५ खाली तपासाचा आदेश देऊ शकतात. दुसरी वाट कलम २२३ खालच्या खासगी फिर्यादीची आहे. तिच्यात फिर्यादी आणि साक्षीदार यांचे जबाब न्यायालयातच शपथेवर होतात. व्यापाऱ्याचा ठावठिकाणा, बँक खाती, फोनचे तपशील हे सारे शोधायचे असेल, तर ते पोलिसांच्याच हातून होणार, म्हणून तिथे मी पहिली वाट धरायला सांगतो. सगळा पुरावा तुमच्या पिशवीतच असेल, तर दुसरी पुरते.

फिर्याद लिहिताना मात्र फार जपावे लागते. बाजार पडल्यामुळे बुडालेला व्यापारी कायद्याच्या दृष्टीने फसवणूक करणारा ठरत नाही. व्यवहार करतानाच त्याच्या मनात फसवण्याचा हेतू होता, हे दिसावे लागते. म्हणून ‘पैसे दिले नाहीत’ एवढ्यावर थांबू नये. त्याने नाव खोटे सांगितले का, पेढीचा पत्ता खरा होता का, बंद खात्याचे धनादेश शेजारच्या शेतकऱ्यांनाही दिले का, हे तारखांसह लिहावे. ‘दिवाणी’ या शब्दाला खरे उत्तर हेच आहे, आणि वाढवून लिहिलेल्या एका वाक्याने संपूर्ण फिर्याद कमजोर होते.

धनादेश न वटल्याची वेगळी फिर्याद पोलिसांविनाच चालते, पण तिची मुदत कडक आहे. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे भरण्यास पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत न्यायालय. ठाण्याच्या फेऱ्यांत ही मुदत निघून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे.

गुन्हा नोंदवून पोलिसांनी पुढे ‘क समरी’ मागितली, म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली फिर्याद म्हणून तपास बंद करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली, तरी प्रकरण तिथे मिटत नाही. ती स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे ऐकले पाहिजे, हे भगवंत सिंह प्रकरणात १९८५ सालीच ठरले आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरातही चालते, म्हणून थेट तिकडे जावे असे अनेकांना वाटते. परंतु आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा, असे सर्वोच्च न्यायालयाने साकिरी वसू प्रकरणात २००७ साली सांगितले आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

त्या बागायतदारांनी अखेर अधीक्षकांना पत्र पाठवले, पावती जोडून न्यायालयात अर्ज केला आणि तपासाचा आदेश झाला. पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत. वहीच्या पानावरचा गाडीचा नंबर आता तपासाच्या कागदांत आहे.