रेघांची की ठिपक्यांची?

पहाटेचे साडेपाच. टेम्पो मागं घेतला जातोय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून रात्री निघालेला हा माल आंबा घाट चढून, मलकापूर-बांबवडे ओलांडून कोल्हापुरात पोचलाय. सुमारे 130 किलोमीटर. खोक्यांतून बर्फाचं पाणी ठिबकतंय.

झाकण निघतं. लांबट, निळसर करडा मासा. सुरमा म्हणजे डोळ्यांत घालायचं अंजन. त्या रंगाची ती सुरमई. कोल्हापुरात हेच नाव चालतं. पण खोकं उतरवून घेणाऱ्या मावशींचं माहेर मालवणचं. त्यांच्या तोंडी येतं, "इसवण आली!" मालवणात, गोव्यात ही इसवणच. मंगळूरला अंजल, चेन्नईला वंजरम.

आता हे दोन मासे शेजारी शेजारी बघा. दोन्ही सुरमईच म्हणून विकले जातात. पण एकाच्या अंगावर उभ्या, नागमोडी रेघा आहेत. दुसऱ्यावर रेघ नाही, नुसते ठिपके, ओळीनं. मावशी बोट फिरवून दाखवतात ती कल्ल्यापासून शेपटीकडं गेलेली बारीक रेषा: रेघांच्या माशात ती शेपटीच्या अलीकडं एकदम खाली वळते, ठिपक्यांच्या माशात हळूहळू उतरते. शास्त्रानंही यांना वेगळं धरलंय, स्कॉम्बेरोमोरस कॉमरसन आणि स्कॉम्बेरोमोरस गुटाटस. पहिला दोन मीटरच्याही पुढं वाढतो, दुसरा एक मीटरही गाठत नाही. म्हणजे हातभर लांबीचा ठिपक्यांचा मासा वाढलेला असतो. तेवढाच रेघांचा असला, तर ते पिल्लू.

एका नावाखाली हा फरक बुडतो, आणि पिल्लं तराजूत येतात. राज्य सरकारनं 2023 मध्ये 54 प्रजातींच्या मासेमारीसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्यात सुरमईही आहे.

सुरा चालतो. गोल तुकड्या पडतात, मधे एकच जाड काटा. काट्यांना बिचकणारं घाटावरचं घर म्हणूनच सुरमईवर विसंबतं. आमसुलाचं पाणी, हळद, मीठ, आणि मसाल्याच्या जागी आपली कांदा-लसूण चटणी. रव्यात घोळून तव्यावर.

बाजार भरलाय. पिशवी घेतलेल्या एक ताई पुढं येतात.

"मावशी, सुरमई द्या एक किलो."

मावशी दोन मासे उचलून धरतात.

"रेघांची देऊ की ठिपक्यांची?"