आपल्याच माणसावर संशय
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

रहस्यकथा म्हटली की आपल्याला खून आठवतो, पोलीस आठवतात, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा करणारा गुप्तहेर आठवतो. आज मी त्या कथांबद्दल बोलणार नाही. गुप्तहेर बाहेरून येतच नाही, अशा कथा मला तुमच्यापुढे ठेवायच्या आहेत. तिथे शोध घेणारी घरचीच असते. बायको, मुलगी, आई, कधी धाकटा भाऊ. आणि ज्याच्यावर संशय आहे तो रोज समोरच्या ताटावर जेवायला बसतो. 'गुन्हा कुणी केला' हे अशा कथेत पुष्कळदा फार लवकर कळतं. तरी आपण पुढची दोनशे पानं वाचत राहतो, कारण आपल्याला दुसरंच काही पाहायचं असतं: हिला कळलेलं आहे, पण हे ती स्वतःशी कधी कबूल करणार?

निष्ठा आणि संशय यांना आपण एकमेकांचे वैरी मानतो. माझं वाचन मला उलटं सांगतं. नवरा जिना चढताना कुठल्या पायरीवर थांबतो, मुलगा खोटं बोलताना कुठे पाहतो, भाऊ घाबरला की त्याचा आवाज कसा होतो, हे पोलिसांना माहीत नसतं. ज्याने जीव लावला त्याला ते माहीत असतं. म्हणून पहिला संशय त्यालाच येतो, आणि तोंड उघडणारा शेवटचा माणूसही तोच असतो. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे ही कथा.

आल्फ्रेड हिचकॉकचा १९४३चा 'शॅडो ऑफ अ डाउट' आठवा. कॅलिफोर्नियातलं सांता रोझा हे छोटं, साधं गाव. मोठी मुलगी चार्ली. तिचा लाडका मामा, त्याचंही नाव चार्ली, पाहुणा म्हणून येतो आणि भाचीला पाचूची अंगठी देतो. अंगठीच्या आत दुसऱ्याच कुणाची आद्याक्षरं कोरलेली आहेत. ती गावच्या वाचनालयात जाऊन जुनं वर्तमानपत्र काढते आणि श्रीमंत विधवांच्या खुनांची बातमी वाचते. अक्षरं जुळतात. पण इथे सिनेमा संपत नाही! ती पोलिसांकडे धावत जात नाही. तिची आई आपल्या या भावावर जीव टाकते, सत्य कळलं तर आई खचेल, हे तिला दिसतं. म्हणून ती मामाला एवढंच म्हणते की तू इथून निघून जा. इतकी सरळ मुलगी, पण आईसाठी ती खुन्याचं गुपित सांभाळते, आणि तो मामा तिच्याच जिवावर उठतो. शेवटी तो मरतो, आणि गाव त्याला मानाने निरोप देतं. खरं काय ते तिला माहीत आहे, आणि ते तिला जन्मभर आईपासून लपवायचं आहे. मामा मेल्याने तिची सुटका होत नाही. एवढं कठोर टोक गाठणाऱ्या कथा फार थोड्या आहेत.

त्याच दिग्दर्शकाचा दोन वर्षं आधीचा 'सस्पिशन' मात्र शेवटी कच खातो, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या १९३२च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे तिच्यात बायकोला ठाऊक असतं की नवरा आपल्याला विष देणार आहे, आणि तरी ती त्याच्या हातचा पेला पिते. सिनेमात शेवट फिरवला आणि नवरा निर्दोष ठरला. तो दुधाचा पेला घेऊन जिना चढतो ते दृश्य अजोड आहे. दूध उजळून दिसावं म्हणून पेल्यात दिवा ठेवला होता. पण 'सगळे तुझ्या मनाचे खेळ' असं म्हणून बाईचा संशय पुसून टाकला की कथेचा कणा जातो. घराघरांत बाईला हेच वाक्य ऐकवलं जातं.

आता माणूस डोळ्यांसमोरचं का पाहत नाही, याकडे येऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी १९९०च्या दशकात यावर मोलाची मांडणी केली. परक्याने फसवलं तर आपण संबंध तोडतो. पण फसवणारा किंवा इजा करणारा जर तोच असेल, ज्याच्यावर आपलं जगणं अवलंबून आहे, तर त्याचं खरं रूप ओळखणंच जिवावर बेतू शकतं. लहान मूल घर सोडून जाऊ शकत नाही. मग मन ते ज्ञान बाजूला ठेवतं. त्याला मूर्खपणा म्हणू नका, तो तगून राहण्याचा मार्ग आहे. लेखकाने हे नीट समजून घेतलं पाहिजे. 'इतके दिवस हिला कळलं कसं नाही?' असं वाचक विचारतो तेव्हा बहुधा लेखकाने त्या बाईचं अवलंबून असणं रंगवलेलं नसतं. पैसा कुणाच्या हातात आहे, माहेर उघडं आहे की बंद, मुलं कुणाच्या नावावर शाळेत आहेत, हे पानावर आलं की तिचं न पाहणं वाचकाला पटतं.

याची दुसरी बाजू १९२३ साली नोंदली गेली. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह एका बाईची हकीकत लिहिली. आपला नवरा, आपली मुलं नाहीशी झाली आहेत आणि त्यांच्या जागी हुबेहूब तोतये आले आहेत, असं तिला वाटे. पुढच्या संशोधकांनी याचा एक अर्थ असा लावला की अशा रुग्णाला चेहरा ओळखता येतो, पण तो पाहून मनात उमटणारी आपलेपणाची ऊब उमटत नाही. मग मन स्वतःला समजावतं की हा तो नव्हेच. हा आजार विरळा आहे, पण संशयाने पोखरलेल्या घराचं चित्र मला यात दिसतं. सगळे चेहरे जागच्या जागी असतात, फक्त ऊब गेलेली असते.

इथे वकील मंडळी बसली आहेत, म्हणून कायद्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो. आमच्या लेखकांनी ही खाण जवळपास खणलेलीच नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १२२, जे १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२८ झालं, ते सांगतं की नवरा-बायकोने लग्नाच्या काळात एकमेकांना जे सांगितलं ते उघड करण्याची सक्ती करता येत नाही. इतकंच नव्हे, ज्याने सांगितलं त्याच्या संमतीवाचून ते कोर्टात उघड करण्याची मुभाही नाही. एकमेकांविरुद्धचा दावा किंवा एकाने दुसऱ्यावर केलेला गुन्हा एवढाच अपवाद. पण हे संरक्षण शब्दांना आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तर प्रदेशातला एक खुनाचा खटला होता. बायकोने साक्ष दिली की पहाटेच्या अंधारात नवरा छपरावरून उतरताना मी पाहिला, तो भुशाच्या कोठीत गेला, मग त्याने अंघोळ केली. नवरा तिला काय म्हणाला हे कोर्टाने बाजूला ठेवलं. तिने काय पाहिलं ते ग्राह्य धरलं.

किती मोठं नाट्य आहे हे! एकाच पहाटेतलं ऐकलेलं बाईच्या पोटात राहायला हवं, आणि पाहिलेलं साक्षीच्या पिंजऱ्यात सांगता येतं.

आणखी पुढे चला. गुन्हेगाराला लपवणं हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत कलम २१२, नव्या न्याय संहितेत २४९. त्याला अपवाद एकच, नवरा किंवा बायको. बायकोने नवऱ्याला माळ्यावर लपवलं तर या कलमाखाली ती गुन्हेगार नाही. आईने मुलाला लपवलं तर आहे. आईच्या मायेचे आपण इतके गोडवे गातो, पण कायद्याने तिला ही सवलत दिलेली नाही. एका घरात सासू आणि सून दोघी मिळून एकाच माणसाला लपवतात, आणि शिक्षा सासूला होऊ शकते, सुनेला नाही. हे ज्या क्षणी त्या दोघींना कळतं, त्या क्षणी त्या स्वयंपाकघरात काय होईल, याचा विचार करा.

आणि घर गप्प बसलं तर? २००६ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घराच्या चार भिंतींत गुन्हा घडतो तेव्हा बाहेरचा साक्षीदार मिळणं अवघड असतं. सरकारपक्षावरची जबाबदारी राहतेच, पण घरात असणाऱ्यांनीही खुलासा द्यायला हवा. त्यांनी मौन धरलं किंवा खोटी सबब सांगितली, तर पुराव्याच्या साखळीत आणखी एक दुवा जोडला जाऊ शकतो. घराण्याची अब्रू म्हणून जपलेलं मौन अशा वेळी उलटतं.

आईचा विषय निघाला, तर कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा २००९चा 'मदर' सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मंदबुद्धी मुलावर खुनाचा आरोप आहे आणि आई त्याला सोडवायला एकटी निघते. शेवटी तिला कळतं की खून त्यानेच केला. ती साक्षीदाराला मारते. पुढे पोलीस दुसऱ्याच एका असहाय मुलाला पकडतात. ही बाई त्याला तुरुंगात भेटते आणि रडत विचारते, तुला आई नाही का? त्याच्यासाठी लढायला कुणी नाही हे तिला कळतं, आणि तरी ती गप्प राहते. निष्ठेची किंमत नेहमी घराबाहेरचा कुणी तरी मोजतो. हे दाखवायचं धाडस हवं. आपल्याकडे 'दृश्यम' खूप गाजला, मलाही तो आवडतो. पण त्यात सगळं कुटुंब एका बाजूला आहे. कुणाला कुणाबद्दल शंका नाही, म्हणून तो थरार मला जरा सोपा वाटतो.

आता आपल्या गावाकडे. मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. पारा ४५च्या वर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, घरातले सगळे एका अंधाऱ्या खोलीत कूलरसमोर आडवे. जुन्या कूलरची घरघर अशी की त्याच्या आडून दोन माणसं कुजबुजली तर तिसऱ्याला शब्द कळत नाहीत, फक्त कुजबुज चालू आहे एवढं कळतं. आणि मधेच लाईट जाते. अर्धं वाक्य उघडं पडतं. ज्या लेखकाला लंडनचं धुकं उसनं आणावंसं वाटतं, त्याने एकदा ही दुपार लिहून पाहावी.

आपल्याकडे याची मोठी पूर्वपीठिका आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५चं. त्यात खून नाही. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात वडील गेलेत, तेराव्याचा खर्च कुणी करायचा आणि घरातलं सोनं कुणाकडे, एवढंच. पण भाऊ भावाकडे आणि जाऊ जावेकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर कुठल्याही थरारकथेला पुरून उरेल. आम्ही त्याला सामाजिक नाटक म्हणून मोकळे होतो. मी ते संशयाचं नाटक म्हणूनही वाचतो.

आणखी एक घर मला सारखं खुणावतं. म्हातारी आई, स्मृतिभ्रंशाची सुरुवात. या आजारात रुग्ण वस्तू जपून कुठे तरी ठेवतो, ठेवल्याचं विसरतो, आणि चोरी झाली असं ठाम समजतो. आळ बहुधा त्याच्यावरच येतो जो दिवसरात्र जवळ असतो. 'माह्या पाटल्या इनंच नेल्या' असं म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. सून तिला न्हाऊ घालते, भरवते, आणि तिच्याकडूनच चोर ठरते. डॉक्टर समजावून सांगतात, नवऱ्याला समजतंही. पण एका रात्री तो बायकोचं कपाट उघडून पाहतो, आणि बायको ते दारातून पाहते. या घरात आता खरोखरच कुणी पैसे काढू लागलं तर? म्हातारी खरं सांगेल आणि कुणी ऐकणार नाही. आजाराचा भयपटासारखा वापर करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती म्हातारी आधी माणूस म्हणून उभी राहिली पाहिजे.

आणि सुनेबद्दल आणखी एक बोलायचं आहे, रागाने बोलायचं आहे. आपल्या कथा-मालिकांमध्ये घरात काही बिघडलं की बोट बाहेरून आलेल्या बाईकडे जातं. सून, दुसरी बायको, कामाला येणारी मावशी. रक्ताचे सगळे शेवटी निर्दोष सुटतात आणि मिठ्या मारतात. हा कथेचा आळस आहे आणि अन्यायही आहे. ज्याच्यावर संशय घेऊन कुणाचंच काही मोडत नाही, त्याला गुन्हेगार करण्यात थरार कुठला?

म्हणून तरुण लेखकांपुढे एक प्रसंग ठेवतो. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, वडिलांचं नाव, वडील वारलेले. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतो. ती राखीला येते. ओवाळून झाल्यावर तो कागद पुढे करतो, आणि सोबत वडिलांनी शेवटच्या आजारपणात केलेलं म्हणून एक मृत्युपत्रही दाखवतो. त्यावरची सही ठाम आहे, ओळीत आहे. पक्षाघातानंतर वडिलांचा उजवा हात चमचाही धरत नव्हता, हे तिला माहीत आहे. त्यांना चमच्याने भरवणारा हा भाऊच होता, तिच्या संसाराच्या सगळ्या वर्षांत एकटा, हेही तिला माहीत आहे. सही खोटी आहे हे तिला एका क्षणात कळतं. पुढची तीनशे पानं त्या सहीवर खर्च करू नका. ही सही ती ओळखेल, जगात दुसरं कुणी नाही तरी ती ओळखेल, हे भावाला पक्कं ठाऊक होतं. हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली असती तर मृत्युपत्र दाखवायची गरजच नव्हती. मग त्याने ते तिलाच का दाखवलं? याचं उत्तर ज्याला सापडेल, त्याने ती कादंबरी लिहायला घ्यावी.