लाल बुश, काळा शॉकअप

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी, मेगाब्लॉक असताना, दादरला एवढे लोक सस्पेन्शनच्या नियमांवर ऐकायला येतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. मागे काही ओळखीचे चेहरे दिसतायत, त्यातल्या दोघांनी तरी माझ्या गाडीखाली झोपून नट आवळलेत, त्यामुळे जरा जपूनच बोलतो. विषय दिलाय "हौशी क्लब रेसिंगमध्ये सस्पेन्शन किती बदलू द्यावं", सस्पेन्शन म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्या मधली स्प्रिंग, शॉकअप, आर्म ही सगळी जोडणी. नियम कसे असावेत ते शेवटी सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझी स्विफ्ट. साधी, पेट्रोल, घरची गाडी. पनवेलच्या पुढे एका मैदानात ऑटोक्रॉस होता, कोन लावलेले, घड्याळ लावलेलं, एकेक गाडी सोडायची. मी स्टॉक क्लासमध्ये, म्हणजे कंपनीतून आल्या तशाच गाड्यांच्या गटात, नाव दिलं. नियमपत्रिकेत सस्पेन्शनबद्दल एकच ओळ होती, सस्पेन्शन स्टॉक असावे. बस. आता त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आपल्या रस्त्यांनी माझ्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, मागचे बुश, त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, फाडले होते, ब्रेक मारला की स्टीअरिंग हातात वळवळायचं. दुकानात गेलो तर नुसता बुश मिळेना, अख्खा आर्म घ्या म्हणाले, तोही ऑर्डर देऊन पंधरा दिवसांनी. मग कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरून एकाकडून पीयूचे, म्हणजे पॉलीयुरेथेन या रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे, बुश घेतले आणि प्रेसवर बसवून घेतले. ते नेमके लाल होते. काळे नव्हतेच त्याच्याकडे.

स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, गाडी जॅकवर घेतली, टॉर्च मारला आणि लाल रंग दिसला. झालं. "हे स्टॉक नाही." मी सांगितलं की अहो फाटलेल्या रबराच्या जागी आहे, आर्म कंपनीचा आहे, जागा कंपनीची आहे, हवं तर टेप लावा. नाही म्हणाले. मला मॉडिफाइड क्लासमध्ये टाकलं, जिथे टर्बो लावलेल्या, आतून पूर्ण रिकाम्या केलेल्या गाड्या होत्या. मी शेवटून पहिला आलो. त्याचं दुःख नाही.

दुःख पुढचं आहे. स्टॉक क्लास जिंकलेला मुलगा, गुणी आहे, चांगला चालवतो, दुपारी आम्ही टपरीवर वडापाव खात होतो तेव्हा त्यानेच मला सांगितलं की त्याचे चारही शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचं उसळणं थांबवणाऱ्या तेलाच्या नळ्या, उघडून आतल्या चकत्या बदलल्यात, ऑइल जाड केलंय, आणि वरून परत काळा रंग मारलाय. स्क्रुटिनी करणाऱ्यांनी त्याच्याही गाडीखाली टॉर्च मारला होता. काळं दिसलं, पास केलं. मग तो मला म्हणाला, अगदी आपुलकीने म्हणाला, "दादा, तू काळे बुश का नाही टाकलेस?"

मंडळी, ते वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. त्या मुलाचा मला राग नाही. राग त्या एका ओळीचा आहे. जी गोष्ट तपासता येत नाही तिच्यावर बंदी घातली की प्रामाणिक माणूस तेवढा अडकतो आणि बाकीचे रंगाचा डबा आणतात. गेली काही वर्षं मी भेटेल त्याला हे सांगतोय, घरचे कंटाळलेत, म्हणून आज तुम्ही.

आता तुम्ही म्हणाल मग नियम लिहायचा कसा. आपण सगळे गल्ली क्रिकेट खेळलोय ना? चाळीत, बिल्डिंगच्या खाली, दोन गाड्यांच्या मधे. तिथे बॉलरने जोरात टाकू नये असा नियम कोणी केला होता का? नाही. कारण जोरात म्हणजे किती, हे कोण ठरवणार, भांडण होणार. नियम काय होता, अंडरआर्म. हात खांद्याच्या वर गेला की नो बॉल, पहिल्या मजल्यावरून बघणाऱ्या काकूंनाही दिसतं. वेग आपोआप कमी. वन टिप वन हँड, सगळ्यांना दिसतं. डायरेक्ट खिडकीत गेला तर आउट आणि बॉल आणायला पण तूच जायचं, काचेचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. दहा वर्षांच्या पोरांना जे कळत होतं ते आपण मोठे झाल्यावर नियमपत्रिका लिहिताना विसरतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां. फॉर्म्युला वनमध्ये १९८१ साली नियम आला की गाडीचा तळ जमिनीपासून किमान सहा सेंटिमीटर वर पाहिजे. गाडी जमिनीला जितकी चिकटून तितकी खालून ओढली जाते, म्हणून हा नियम. मोजायचं कुठे, तर पिटमध्ये, उभ्या गाडीवर. ब्रॅबम टीमच्या गाड्यांचा डिझायनर गॉर्डन मरी, त्याने काय केलं, असं सस्पेन्शन बसवलं की वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची आणि खालीच राहायची, परत येताना वेग कमी झाला की हळूहळू वर. पिटमध्ये येईपर्यंत सहा सेंटिमीटर पूर्ण! त्यांचा ड्रायव्हर नेल्सन पिके, त्याने अर्जेंटिनाची रेस जिंकली त्या गाडीत. बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि मग स्वतःच्या गाड्यांत गाडी वरखाली करायची बटणं बसवली. शेवटी १९८३ ला नियम आला की तळ सपाटच पाहिजे. सपाट आहे की नाही हे उभ्या गाडीलाही एक सरळ पट्टी लावून कळतं, बघा.

अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका आहे, १९४४ पासूनची, हौशी लोकांच्या रेसिंगची मोठी संघटना. त्यांच्या इम्प्रूव्हड टूरिंग नावाच्या प्रकारात बुशचं मटेरियल मोकळं ठेवलं होतं. रबर जुनं होतं, मिळत नाही, माझ्यासारखीच अडचण. तर लोक म्हणाले धातू पण मटेरियलच आहे, आणि बुशच्या जागी स्फेरिकल बेअरिंग, म्हणजे धातूचा गोळीवाला सांधा, बसवला. पुढे तेही चालेल असं त्या नियमात लिहून टाकलं. गंमत म्हणजे त्याच क्लबच्या ऑटोक्रॉसमधल्या स्ट्रीट प्रकारात स्प्रिंग कंपनीचीच ठेवावी लागते, पण शॉकअप बदलायला परवानगी आहे. म्हणजे जे उघडल्याशिवाय कळत नाही ते मोकळं सोडलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री साडेबाराला उठून मित्राला फोन केला होता.

का ते सांगतो, इथे थोडं गणित. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. बारा मिलिमीटरच्या जागी तेरा मिलिमीटर तार घेतली, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक. एक मिलिमीटर! डोळ्याला दिसत नाही, पण व्हर्नियरला, जाडी मोजायच्या पट्टीला, दिसतं. आणि गॅरेजमध्ये जे स्प्रिंग कापतात, गाडी खाली बसावी म्हणून, त्याने ती मऊ होत नाही, कडक होते, सहा वेढ्यांमधला दीड कापला तर ३३ टक्के. वेढे मोजता येतात, कापलेलं टोक दिसतं. म्हणजे स्प्रिंग हा तपासता येणारा पार्ट आहे. शॉकअप नाही. शॉकअपचं सगळं आत आहे, पिस्टनवरच्या पातळ चकत्या आणि ऑइल, ते कळायला डायनो, म्हणजे शॉकअप दाबून त्याचा जोर मोजणारं मशीन, लागतो, आणि मैदानात रविवारी सकाळी सात वाजता डायनो कोण आणणार?

हो, आलं लक्षात, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. पण गाडी खाली बसवण्याचं एक सांगू द्या, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ते केलेलं आहे. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, खाली एक आर्म आणि वर स्ट्रट. बॉडी खाली आणली की आर्मचं आतलं टोक खाली येतं, बाहेरचं चाकाला धरलेलं असतं ते तिथेच राहतं, आर्म उलटा झुकतो. मग रोल सेंटर म्हणतात ते, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू, वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली पडतं, दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणावर गाडीला कलंडायला उलट जास्त लिव्हर मिळतो. शिवाय वळणात गाडी दबली की कॅम्बरही, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, हवा तसा मिळत नाही. ते दाबायला आणखी कडक स्प्रिंग, मग वेगळा बॉल जॉइंट, मग तोही नियमात घ्या म्हणून अर्ज. एक ढिला नियम असा चार खर्च मागे ओढून आणतो, आणि पहिला बाहेर कोण पडतो, तर जो पगारावर गाडी पळवतो तो. मी दोन चांगली मुलं अशी गेलेली पाहिलीत. एक आता फक्त व्हिडिओ बघतो.

आणि रस्त्याचंही लक्षात ठेवा, आपली गाडी ट्रेलरवर जात नाही, सायन-पनवेल हायवेवरून स्वतः जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही. रेसच्या नावाखाली पोरांना त्या भानगडीत ढकलणारा नियम क्लबने लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

बरं, आता मसुदा, भरभर. एक, बॉडीवरचे आणि हबवरचे माउंटिंग पॉइंट अजिबात हलवायचे नाहीत, आर्मची लांबी कंपनीची, भोकापासून भोकापर्यंत टेप लावायचा आणि शेजारी त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी असतेच, तिच्याशी जुळवायचं. उंचीसाठी लाकडी ठोकळा, ड्रायव्हर आत बसलेला, ठोकळा दाराच्या खालच्या पट्टीखालून सरकला तर पास, अडकला तर गाडी उचला आणि परत या. आणि ठोकळा रेस झाल्यावरही लावायचा, १९८१ विसरायचं नाही.

स्प्रिंगची तारेची जाडी आणि वेढे फॉर्मवर लिहून द्यायचे, व्हर्नियर टेबलावर ठेवलेला. बुश रबर किंवा पीयू, कुठल्याही रंगाचा, धातूचं बेअरिंग नाही, ते टॉर्चमध्ये चमकतं. अँटी-रोल बार, म्हणजे गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारी सळई, कंपनीचा, त्याचीही जाडी मोजता येते.

राहिला शॉकअप. तो मोकळा सोडा, पण बाहेर वेगळा डबा जोडलेला नको, तो दिसतो. आणि खर्च आटोक्यात ठेवायला क्लेमचा, म्हणजे ठरलेल्या किमतीत पार्ट मागून घ्यायचा, नियम, अमेरिकेत छोट्या ओव्हल ट्रॅकवर इंजिनासाठी वापरतात तसा. किंमत क्लबने आधी ठरवलेली, रेस संपल्यावर कोणीही स्पर्धक तेवढे पैसे देऊन जिंकणाऱ्याचा शॉकअप सेट उचलू शकतो. मग लाखाचा सेट कोण लावेल? ज्याने चकत्या बदलल्या त्याची मेहनत दुसऱ्याच्या गाडीत जाईल आणि पुढच्या रेसला दोघे बरोबरीने धावतील. टायर सगळ्यांना एकच मॉडेल, एकच साइज, कारण सस्पेन्शन कितीही भारी असलं तरी शेवटी पकड टायरचीच.

हो, संपवतोय. यात अलाइनमेंटचं बोलायचं राहिलं, टो म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती, आणि कॅम्बर, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या टॉर्शन बीमला शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालू द्यायच्या की नाही, ते प्रश्नांत घेऊ. माझी स्विफ्ट खाली गेटजवळ उभी आहे, बुश अजून लालच आहेत. ठोकळा डिकीत आहे, व्हर्नियर माझ्या खिशात. चहा घेऊन खाली या, जॅक लावतो, तुम्ही मोजा.